खलनायक आणि बिनसाखरेचा चहा

लघवीच्या बाटल्या आणि किस्से, दोन्ही आमच्याकडे न मागता जमायचे. सत्तर-ऐंशीच्या दशकात मी भंडाऱ्याला एका डॉक्टरांकडे लॅबचं काम करायचो. बाटल्या रोजच्या रोज धुऊन टाकायचो, किस्से तेवढे राहून गेले.

तेव्हा मधुमेह म्हटलं की गावात एकच उत्तर. "तो तं शहरातल्या जाड्या लोकायले होते!" शिबिर लावलं की मी, डॉक्टर आणि स्पिरिटचा दिवा, असे तिघंच बसून राहायचो.

शेवटी डॉक्टर म्हणाले, लोक ज्याला बघायला बैलबंडी जुंपून येतात असा माणूस टेबलाशी बसवू. आमच्या झाडीपट्टीत असा माणूस म्हणजे नाटकातला नट. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. मंडईच्या दिवशी सकाळी शिबिर घ्यायचं ठरलं.

*

आधी गेलो एका नाटक कंपनीच्या हिरोकडे. त्याने हातच जोडले.

"साहेब, मी तिथं बसलो तं लोक म्हनतीन, यालेच रोग हाय. मंग मंडईले कोन बोलावते मले?"

खरंच होतं ते. तब्येतीची नुसती कुजबुज झाली तरी नटाची कामं जायची.

कोपऱ्यात कंपनीचा खलनायक मारोतराव मिशांना तेल लावत बसला होता. तो म्हणाला, "मी येतो ना! माहं नाव तं आधीच खराब हाय!"

*

पहिलं शिबिर वरठीला. खलनायक जवळून बघायला ही गर्दी! एका घरातले सात जण आले आणि बाटली आणली एक.

मी विचारलं, "बाकीच्यांच्या कुठे आहेत?"

"साऱ्यायचं त्यातच हाय. आमचा चुल्हा एकच हाय ना, साहेब!"

मी कपाळाला हात लावला. मारोतरावने स्टेजवरचा आवाज काढला, "सात बाटल्या पायजेत!" अर्ध्या तासात आठ आल्या. आठवी शेजाऱ्याची होती. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं!

*

जवाहरनगरला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वेगळीच पंचाईत. तिथे देशभरातले लोक, झाडीपट्टीचं नाटक कोणी बघितलेलं नाही. रांगेत धक्काबुक्की चाललेली आणि मारोतरावकडे कोणी ढुंकून बघेना. एकाने कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरला विचारलं, "ये मूँछवाले कौन हैं?"

ड्रायव्हर आमच्या पवनीकडचा. दर मंडईला पहिल्या ओळीत बसणारा. अगदी भक्तिभावाने म्हणाला, "इनको नहीं पहचानते? पिछले साल इन्होंने सगे भाई को मारा!"

रांग जी सरळ झाली ती शेवटपर्यंत.

*

डॉक्टर म्हणाले, लोकांना सांगता तर कंपनीनेही तपासून घ्यावं. मारोतरावने सगळ्यांच्या बाटल्या स्वतः गोळा केल्या, नावाच्या चिठ्ठ्या स्वतः दोऱ्याने बांधल्या आणि पिशवी मला आणून दिली. काम चोख!

माझी तपासणी म्हणजे निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर माणूस सुटला, विटकरी लाल झालं तर साखर. सगळ्या निळ्या निघाल्या, एक लाल. चिठ्ठी पेटीवाल्या झिबलची. मारोतरावची अगदी निळी.

झिबल अंगाने नुसती काडी. रक्त तपासू म्हटलं तर त्याने हात मागे घेतला. "बोटाले सुई नाई लावू देत. पेटी काय नाकानं वाजवू?"

मग डॉक्टरांनी गोळी दिली नाही, फक्त साखर बंद केली. पण मंडईच्या दिवसांत पाहुणा म्हणून बिनसाखरेचा चहा मागून बघा! घरोघरच्या बाया भडकायच्या. "पाहुन्याले फिका चहा देऊ? गावात नाक कापाचं हाय का आमचं?" झिबल प्रत्येक घरी आपला रोग सांगायचा, तेव्हा कुठे तो फिका चहा मिळायचा. मारोतराव शेजारी बसून गोड चहा प्यायचा, पण झिबलकडे बघायचा नाही.

*

आणि मग आंबागडची मंडई. शिबिर तिथल्या शाळेत.

एक म्हातारी मुलाचा हात धरून आली. पायाला चिंधी बांधलेली. दोन महिने जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी चिंधी सोडून बघितलं आणि मला म्हणाले, "हिची आजच तपासा. उशीर केला तर पाय जाईल."

म्हातारी ऐकेना. मुलगा रडकुंडीला आला. तिने मारोतरावकडे बोट केलं.

"हा सांगते मले? सुनेले जहर देनारा! पयले यानं करावं, मंग मी करीन."

"माहं झालं, माय," मारोतराव म्हणाला.

"मी पाह्यलं का?"

लोक हसले. मारोतराव हसला नाही. तो तिच्या पायाकडे बघत राहिला. मला वाटलं, चिडून उठून जातो आता. तो उठला, रिकामी बाटली घेतली, शाळेच्या मागे गेला, आणि भरलेली बाटली म्हातारीपुढे टेबलावर ठेवली.

"कर गरम," मला म्हणाला.

मी आठ थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. हिरवं झालं. पिवळं झालं. मी नळी बाजूला घेतली.

"थांबू नोको."

विटकरी लाल! मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. कंपनीचा मालक तिथेच उभा होता.

मारोतरावने माझ्या हातातून चिमट्यासकट नळी घेतली आणि साऱ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"हे पाह्य, माय. माहं हे असं हाय. आता तुहं आन."

म्हातारीने बाटली घेतली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शाळेच्या मागे गेली. तिच्यामागे रांग लागली.

झिबल इतका वेळ पेटीवर हात ठेवून बसला होता. तो उठला, तडक चहाच्या टपरीवर गेला आणि साऱ्या मंडईला ऐकू जाईल असा ओरडला,

"भाऊ, एक चहा दे! दोन चम्मच साखर टाक. अन् मारोतरावच्या वाट्याचीबी माह्यातच टाक!"