रेडकाची फिरती

कोल्हापूरच्या स्टेशनावर मी उतरलो तो हवापालटासाठी. पावसाळाभर अंगात मुरलेला हिवताप काही केल्या निघेना, तेव्हा आमच्या अलिबागच्या डॉक्टरांनी "घाटावर जा, कोरडी हवा खा" असं फर्मावलं. माझी थोरली बहीण कोल्हापूरला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दरबारच्या नोकरीत देवी डॉक्टर. लहान मुलांना देवीची लस टोचायची हे त्यांचं काम. रंकाळ्यावर सकाळ-संध्याकाळ फिरायचं, ताईच्या हातचं जेवायचं आणि पंधरवड्यात टुणटुणीत होऊन परतायचं, असा माझा बेत होता. त्यातला रंकाळा मी एकदाच पाहिला.

दाजी स्टेशनावर न्यायला आले होते. माझी वळकटी टांग्यात टाकता टाकता म्हणाले, "तुम्ही ड्रॉइंग मास्तर. म्हणजे अक्षर चांगलं असणार." प्रकृतीची चौकशी त्यांनी टांगा बराच पुढे गेल्यावर केली.

त्यांना अक्षर हवं होतं ते एका तक्त्यासाठी. यंदा देवी काढण्याचं, म्हणजे लस टोचण्याचं, काम ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं करू नये, दरबारचा दवाखाना, तालुक्याचे मामलेदार आणि लगतच्या जहागिरीचे कारभारी यांनी एकत्र बसून फिरती ठरवावी, असं वरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दौत-लेखणी घेऊन त्या बैठकीत जाऊन बसलो. तिथं जे चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही धड कळलेलं नाही.

आधी लशीचं सांगतो. ती रेडकाच्या, म्हणजे म्हशीच्या पिल्लाच्या अंगावर तयार होते. रेडकाचं पोट भादरून तिथं टोचायचं, पाच दिवसांनी फोड भरतात, आणि मग दोनच दिवस त्यातला रस मुलांच्या दंडावर टोचायच्या उपयोगाचा. त्यामुळे मोठे डॉक्टर सगळा हिशेब रेडकाच्या पोटावरून करत. मामलेदार रस्त्यावरून करत: अमक्या गावानंतर तमकं, कारण गाडीवाट तशी. जहागिरीचे कारभारी दर वाक्याला "सुगी होऊ द्या" म्हणत. तिघेही अगदी गोडीनं बोलत होते आणि तिघांचा एक शब्द एकमेकांशी जुळत नव्हता. ठरवतंय कोण, हे कळावं म्हणून मी जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी जो तो उठताना म्हणाला की ठरलं.

जे ठरलं ते मी सुवाच्य उतरवलं. वर तांबड्या शाईत रकाने आणि खाली सात कलमं. मोठे डॉक्टर अक्षर पाहून खूश झाले. मी फुगलो. कलमं मी लिहिली होती, पण वाचली होती असं मात्र म्हणवत नाही.

"आता एवढा तक्ता लिहिलात, तर फिरतीलाच चला," दाजी म्हणाले. "हवा मिळेल."

हवा मिळाली. कळंब्याचं तळं उजाडता उजाडता मागे टाकून आम्ही दक्षिणेला निघालो. रेडकाच्या गाडीला तट्ट्याचं छप्पर होतं, आमच्या गाडीला नव्हतं. दोन्हीकडे ऊस, मधून मधून गुऱ्हाळं, आणि त्यांच्या धुराला येणारा गोड वास. एका गुऱ्हाळावर आम्हाला गरम काकवी दिली, भाकरी दिली आणि खर्डा (हिरवी मिरची, लसूण नि मीठ ठेचून करतात) दिला. आम्ही कोकणातली माणसं, मला ती चटणी वाटली आणि मी चटणीसारखी खाल्ली. पुढचा सगळा वेळ माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. गुऱ्हाळवाला तांब्या घेऊन उभा राहून म्हणत होता, "दम धरा की पावणं (पाहुणे), हिवताप पळाला बगा!"

रस्त्यात बायका गाडी थांबवून रेडकाला कुंकू लावत. देवीचा रेडा म्हणून आणलाय असं त्यांना वाटे. दाजींनी पहिल्या दोघी-तिघींना समजावलं, मग सोडून दिलं.

पहिल्या गावी वेगळाच घोळ. गावचं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांनी जन्माच्या नोंदवहीवरून मुलांची यादी केलेली. यादीतली निम्मी मुलं गावात नाहीत! आणि झाडाखाली जी रांगेत बसलीत, त्यातली निम्मी यादीत नाहीत. मी चक्रावलो. दाजींनी कपाळाला हात लावून उलगडा केला. बाई बाळंतपणाला माहेरी येते, मूल माहेरच्या वहीत चढतं, आणि पाच महिन्यांचं झालं की आईबरोबर सासरी जातं. एकत्र बसून नियोजन करणाऱ्या त्या खोलीतले सगळेच कुणाचे ना कुणाचे बाप, आणि एवढी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. मलाही नव्हती. माझा थोरला मुलगाही आजोळीच जन्मलेला.

दुसऱ्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पाटलाला त्रास व्हायला नको. हा पाटील जैन, उंच, कानावर पांढरे केस, आवाज असा की शेजारच्या शिवारातल्या माणसानं वळून बघावं. दिवस अजून वर होता तोच त्यानं आम्हाला पाटावर बसवलं.

"चला की, ताटं वाढल्यात. दिवस बुडाला की आमच्यात जेवत न्हाईत."

जेवताना तो आपण होऊन बोलला. "माजी लेक वड्यापल्याड दिलीया, जहागिरीच्या गावात. दोन ल्येकरं देवीत गेली तिची. ह्यो तिसरा. हितंच जल्मला, आता सासरी हाय." मग म्हणाला, "आन् तिकडं देवी आल्यात."

"मग उद्या तिला बोलावलंय ना?" मी विचारलं.

पाटलानं माझ्या वाटीत दूध ओतलं.

सकाळी ओढ्याकाठी जांभळाखाली काम सुरू झालं. रेडकू आडवं पाडलेलं, त्याचं दावं (दोर) पाटलाच्या हातात, दाजी टोचायचं नस्तर पुसतायत, बाया पोरं घेऊन बसलेल्या. तिथल्या कुलकर्ण्यांनी यादीतलं पहिलं नाव पुकारलं. पाटलाच्याच नातवाचं.

"हाय! हितं हाय!" पलीकडच्या काठावरून आवाज आला.

पदर खोचलेली एक बाई, कडेवर तान्हं मूल. ती पाण्यात पाऊल घालणार तोच पाटील ओरडला, "पद्मव्वा, थांब तितंच!"

ती थांबली. "अप्पा, वहीत नाव हाय न्हवं ह्येचं? तुमच्याच घरात जल्मलाय की."

"हाय. पर तुज्या गावात देवी हाईत. कुणाला अलीकडं येऊ द्यायचं न्हाय."

"मी येत न्हाय. ह्येला तेवढं घ्या."

"त्यो तरी कुठनं आलाय? त्याच गावातनं न्हवं?" पाटलाचा आवाज इथं प्रथमच उतरला.

"शेजारच्या घरातलं पोर काल गेलं, अप्पा. भिताड एकच हाय आमचं."

कुलकर्ण्यांनी तक्ता उघडला आणि माझ्या सुंदर अक्षरातलं तिसरं कलम वाचलं: यादीतलं प्रत्येक मूल नेमल्या दिवशी टोचून घेतलं जावं, जबाबदार पाटील. मग सातवं वाचलं: साथीच्या गावचं माणूस हद्दीत येऊ देऊ नये, जबाबदार पाटील.

पाटील माझ्याकडे वळला. "अक्षर तुमचं न्हवं ह्ये, मास्तर? वरच्या कलमालाबी मीच, खालच्याबी मीच. मग आता म्या काय करायचं?"

"अक्षर माझं," मी म्हणालो, "पण ठरवलं त्यांनी." ते 'त्यांनी' म्हणजे कोणी, हे मलाही माहीत नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दाजी खाली मान घालून पुटपुटले, "मला सुगीआधी जहागिरीच्या हद्दीत पाऊल टाकायची परवानगी नाही. नोकरीवर गदा येईल." आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी पुढच्या मुलासाठी नस्तरावर रस घेतला.

त्याच क्षणी रेडकू उठलं. पायाच्या गाठी कशा सैल झाल्या कोण जाणे, पण दावं पाटलाच्या हातात होतं आणि मी त्या हाताकडेच बघत होतो. हात उघडला, की दोर निसटला? शपथेवर विचाराल तर मी सांगू शकणार नाही. म्हशीच्या जातीला पाणी दिसलं, ती सरळ ओढ्यात शिरली. तिच्यामागे, दरबारचं जनावर जातंय म्हणून, एका हातात नस्तर उंच धरून दाजी. त्यांच्यामागे मी, जोड्यांसकट. रेडकू ऐन मध्यावर जाऊन बैठक मारायला लागलं. पोट भिजलं तर लस गेली, म्हणून मी त्याच्या मानेला मिठी मारून त्याला उभं धरायला लागलो. काठावरच्या बाया हसत होत्या. हिवतापाच्या माणसाला असं गार पाण्यात उभं करणारे आप्त देव कुणाला न देवो.

आणि समोरून पद्मव्वा गुडघाभर पाण्यात चालत आली.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, नस्तराकडे पाहिलं. "रस वाळेल," ते स्वतःशीच म्हणाले. तिनं मुलाचा दंड पुढे केला. चार ओरखडे, मूल किंचाळलं, आणि ती मागे फिरलीसुद्धा. ओढ्यातली हद्द नेमकी कुठून जाते हे काठावरच्या कुणीही विचारलं नाही. कुलकर्णी तोवर चष्मा पुसत राहिले.

आठव्या दिवशी टोचलेल्या मुलांची तपासणी असते, म्हणून नव्या रेडकावर पुढची गावं करून आम्ही परत तिथं आलो. पलीकडे पद्मव्वा आधीच येऊन उभी होती. पण आज ती बोलत नव्हती, रडत होती. दाजींनी हाक मारली, "दंड दाखवा! फोड उठले का?"

तिनं अंगडं वर केलं. "उठलेत! तसलंच हाय! दोघांस्नी उठलंवतं तसलंच!"

दाजी घसा फोडून सांगू लागले की असंच व्हायला हवं, लस लागू पडली, हे चांगलं लक्षण. पण टोचल्यावर दंडावर देवीसारखेच फोड येतात, हे त्या दिवशी पाण्यात तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सात कलमांत ते नव्हतं. तिच्या दृष्टीनं आम्ही तिच्या निरोगी मुलाला देवी आणून दिल्या होत्या, आणि त्याही भर ओढ्यात, हसतखेळत.

"डाक्तराचं न्हाय ऐकायचं मला," ती ओरडली. "अप्पा, तुमी बगा. तुमी सांगा."

पाटील डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. एवढ्या लांबून म्हाताऱ्याला काय दिसणार! मग त्यानं पायताणं काढली, अलीकडेच ठेवली आणि ओढा ओलांडून गेला. दाजी "अहो पाटील" एवढंच म्हणाले. पलीकडे त्यानं नातवाला हातात घेतलं, अंगडं पार काढलं, उलटंपालटं करून कानामागे पाहिलं, तळव्यांवर पाहिलं, जिभेवर पाहिलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो वळला आणि त्याच्या त्या शिवारभर जाणाऱ्या आवाजात ओरडला, "दंडावरच हाय! बाकी अंग सोन्यावानी!" पद्मव्वानं त्याच्या हातातून पोर घेतलं. मी इकडे हिवतापानं कापतोय असं दाजींना वाटलं, पण मी रडत होतो.

"आता या अलीकडं," कुलकर्णी म्हणाले.

"कसा येऊ?" पाटील म्हणाला. "सातवं कलम. देवी गेल्याबिगर ह्या गावचं माणूस तिकडं यायचं न्हाय." आणि मग, "म्हसरांस्नी वैरण टाकायला सांगा घरात."

लेकीच्या सासरी बाप एक रात्र राहिला तरी लोक बोटं मोडतात. हा किती दिवस राहणार, कुणालाच माहीत नव्हतं.

मी परत आलो. ताप गेला तो खर्ड्यानं, ओढ्यानं की घाटावरच्या हवेनं, हेही मला कळलेलं नाही. इथं सगळे विचारतात, कोल्हापूर संस्थानात लोकांच्या प्रकृतीची व्यवस्था म्हणे फार चांगली, ती कोण ठरवतं? मी दवाखाना म्हणतो, मग मामलेदार म्हणतो, मग कारभारी म्हणतो. त्या खोलीतली माणसं वाईट नव्हती. त्यांना काम करायचं होतं. पण त्यांच्यापैकी एकालाही पद्मव्वा माहीत नव्हती, आणि सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या मलाही नव्हती.

परवा दाजींचं पत्र आलं. नातवाच्या खपल्या पडल्या, पोर खणखणीत आहे. पद्मव्वाचा तो आरडाओरडा त्या गावानं ऐकला होता, त्यामुळे पलीकडे कुणी आई मूल टोचून घ्यायला तयार होईना. तेव्हा पाटील नातवाला कडेवर घेऊन, परक्या गावात, दारोदार फिरला. उंबऱ्याशी उभा राही, पोराचा दंड पुढे करी आणि म्हणे, "हात लावून बगा, माय." थोडी घरं झाल्यावर बायाच लस मागायला जहागिरीच्या कारभाऱ्यांच्या दारात जाऊन बसल्या. सुगी व्हायच्या आत तिथं रेडकू आलं. पाटील अजून पलीकडेच आहे. त्याची पायताणं कुणीतरी ओढ्यातून नेऊन दिली, असं दाजींनी कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, आणि ती कोणी नेली हे मात्र लिहिलेलं नाही.