पाय बघा, पाय

"पाय बघा, पाय," असं तो शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगायचा. अख्खी गर्दी मुठींकडे बघत असायची आणि हा, आमच्या दैनिकाचा मुष्टियुद्धाचा वार्ताहर, रिंगच्या फळीला हनुवटी टेकून लढणाऱ्यांचे बूट न्याहाळत बसलेला. "हात फसवतात हो. पाय नाय फसवत. नकळत पाय मागं गेला की समजायचं, गडी आतून हारला."

तुम्ही एखादी लढत जवळून पाहिली असेल, तर तुम्हाला हे पटेल. मी त्या काळी एकही पाहिली नव्हती. तरी त्याच्या बातम्यांना मथळे मीच द्यायचो.

तो काडीसारखा बारीक. जाड भिंगांचा चष्मा, खिशात दम्याचा पंप. उभ्या जन्मात त्यानं कुणाला चापट मारली नसेल. गारखेड्याच्या मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेला, तेव्हा लोकांनी त्याची मनसोक्त टर उडवली. सगळ्यांत पुढं होता चपट्या नाकाचा एक रिक्षावाला. तो स्वतः कधीकाळी लढलेला.

"साब, कभी नाक पे एक खाये क्या?"

"नाय खाल्ला. म्हणून तर जवळ बसतो. तुम्ही खाल्लाय ना? मग कसा लागतो ते सांगा."

रिक्षावाला त्याच्या शेजारी येऊन बसला. नाकावरचा ठोसा कसा लागतो, हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग मात्र तो सगळी संध्याकाळ बोलत बसला.

वार्ताहराचा दुसरा हट्ट शब्दांचा. "अमका पडला," असं कुणी म्हटलं की हा लगेच म्हणायचा, "पडला ते आंधळ्याला पण कळलं. पडला कसा ते सांगा. ठोसा लागून का घाम सांडला होता त्याच्यावर घसरून?"

एकदा आपल्या शहरातल्या पोराला पंचांनी विजयी ठरवलं. बाकी पेपरांनी 'दणदणीत विजय' छापला. यानं लिहिलं, ठोसे बाहेरगावच्या पोराचे जास्त लागले, निकाल चुकला. दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण तणतणत कार्यालयात आले. मी पोलिसांना फोन लावायच्या बेतात होतो. त्यांच्यातला तोच रिक्षावाला टेबलावर हात आपटून म्हणाला, "बहुत बुरा लगा साब." मग आवाज उतरला. "लेकिन सच्ची लिखे."

पण लोक त्याचे झाले ते दुसऱ्याच एका ओळीमुळे. ऐन लढतीत त्याला दम लागला आणि पंप मारायला तो बाहेर गेला. तेवढ्यात एक जण आडवा झाला. यानं बातमीत लिहिलं, 'तो ठोसा मी पाहिला नाही.'

मी ती ओळ खोडायला निघालो. "अरे, असं कुणी लिहितं का? चार जणांना विचारून ठोकून दे."

"राहू द्या, भाऊ. न बघितलेलं लिवलं तर उद्या बघितलेलं पण कुणी खरं धरणार नाय."

ती ओळ राहिली. शेडबाहेरच्या चहावाल्यानं ती कापून टपरीवर चिकटवली. तेव्हापासून रिंगजवळ त्याची जागा कुणी घेत नसे. त्याला उशीर झाला तर लोक तिथं रुमाल टाकून ठेवायचे.

आता माझ्याबद्दल. आम्ही पेपरची पानं लावणारे सगळे कुस्तीच्या शब्दांवर पोसलेले. मुष्टियुद्ध असो की बुद्धिबळ, आमचा हरणारा 'चीत' व्हायचा, 'धूळ चाटायचा'. तो वैतागायचा. "भाऊ, इथं पाठ टेकायची नसती. चीत कुठून आणता?" आम्ही हसायचो.

पैठणकडचं एक पोर होतं, मेंढपाळाच्या घरचं. जिल्ह्याच्या अंतिम लढतीत त्याचा डोळा सुजून मिटला. तरी ते मागं हटेना. शेवटी त्याच्या उस्तादानं रिंगमध्ये टॉवेल टाकला, म्हणजे माझं पोर मी काढून घेतो, पुरे. आमच्या वार्ताहरानं लिहिलं होतं, 'टॉवेल उस्तादाने टाकला. पोरगा तेव्हाही उभा होता आणि त्याचा पाय पुढे होता.'

खाली साड्यांच्या सेलची जाहिरात वाढली, जागा कमी पडली. मी ती दोन वाक्यं उडवली. टॉवेल म्हणजे शरणागती, एवढंच मला ठाऊक. मथळा दिला, 'पैठणच्या पठ्ठ्याने पळ काढला'. वर बातमीदार म्हणून वार्ताहराचं नाव. छान जमला म्हणून मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

पोराला गावात 'टॉवेल्या' नाव पडलं. एसटी स्टँडवर पोरं त्याच्या अंगावर टॉवेल फेकायची. त्यानं लढणं सोडलं.

वार्ताहर माझ्या टेबलाशी आला. "हारला कसा ते तुम्ही छापलंच नाय, भाऊ. उद्या दोन ओळी टाका. चूक झाली म्हणून."

"पेपर चुकत नसतो," मी म्हणालो. हे वाक्य मी खरंच उच्चारलं.

पुढच्या लढतीला मी पहिल्यांदाच त्याच्यासोबत शेडमध्ये गेलो. काय होतंय ते बघायला, दुसरं काही नाही. त्याच्या जागेवर रुमाल नव्हता, कुणीतरी बसलं होतं. रिक्षावाला फक्त म्हणाला, "तुम भी साब?"

वार्ताहर तिथून वळला. मागं भिंतीशी उभा राहिला. तिथून पाय दिसत नव्हते.

परतताना मी म्हणालो, "मथळा माझा होता, सांगून टाकायचं की."

"नाव माझं होतं ना वर."

पुढं तो एकटाच पैठणला जाऊन आला. पोर भेटलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. परत आल्यावर त्यानं मुष्टियुद्ध सोडलं आणि निवृत्तीपर्यंत बाजारभाव लिहिले.

गेल्या महिन्यात तो गेला. आमच्याच दैनिकानं मथळा दिला, 'झुंजार लेखणी चीत'. आत लिहिलं होतं की तो तरुणपणी नामांकित मुष्टियोद्धा होता. तो, दम्याचा पंप घेऊन फिरणारा! मोबाइलवरच्या एका चॅनलवाल्यानं त्याच्या फोटोमागं ढोल वाजवला. पडेगावात शोकसभा झाली. एकही लढत न पाहिलेले सहा जण त्याच्या सच्चेपणावर बोलले. सातवा मी. साधी राहणी, उच्च विचार वगैरे बोलून खाली बसलो. टाळ्या पडल्या. शोकसभेत!

बाहेर तोच रिक्षावाला उभा होता, आता काठी टेकत. मी त्याचा जुना सहकारी म्हणून अदबीनं म्हणाला, "एक बात पूछनी थी साब. वो पैठणवाला बच्चा भागा नहीं था. मैं था वहाँ. फिर साब ने कायकू वैसा लिखे?"

इतक्या वर्षांनीही त्याला तेवढंच विचारायचं होतं. मथळा माझा होता, तीन शब्दांचं उत्तर.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. "आता काय आठवणार?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो खाली बघत होता. बोलता बोलता माझा पाय एक पाऊल मागं गेला होता.