पाणी कुणीकडे वळेल

दीक्षाची आई कौसल्या २००५ च्या पुरानंतर तीन आठवड्यांनी लेप्टोच्या तापानं गेली. भिवंडीहून अंजूरकडे जाताना खाडीला लागून त्यांची वीस-बावीस घरांची बौद्ध वस्ती होती. त्या जुलैत तिथं छातीभर पाणी दोन दिवस हललं नाही. पाणी उतरल्यावर, पुण्यात शिकणारी दीक्षा धावत आली, तेव्हा वडील, रामदास, भिंतीवरचा चिखल खरवडत होते. "एवढा पानी आला कुठनं?" एवढंच ते परत परत विचारत होते.

त्या प्रश्नापायी तिनं तीन वर्षं घातली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तिला महासंगणकावर काम मिळालं. पाऊस, भरती, जमिनीचा चढउतार घालून खाडीच्या पाण्याचं गणित तिथं दिवसचे दिवस चाले. आकडे इतके निघत की ठेवायला जागा पुरेना. बहुतेक फेकून द्यावे लागत आणि उरलेल्यांचं चित्र महिन्याभरानं हाती येई. दीक्षा गणित चालू असतानाच यंत्राकडून चित्र काढून घ्यायला शिकली. ते बघता बघता मध्येच एखादा बांध घालायचा, एखादा नाला मोकळा करायचा. थोड्या वेळात पडद्यावरचं पाणी वाट बदलायचं.

२००८ च्या एप्रिलमध्ये ती लॅपटॉप घेऊन काळूरामशेठच्या ओटीवर बसली. खाडीलगतची जमीन त्यांची, वस्तीचं पाणी खाडीत नेणारा नाला तिच्यातूनच जायचा, आणि तिच्यावर गोदामांसाठी भराव पडणार होता. गणित पुण्यात चाललं होतं, इथं इंटरनेटवरून नुसतं चित्र येत होतं. निळं पाणी शेतांतून सरकायला लागलं तसा काळूरामांनी चष्मा चढवला.

"आमचा घर कुठं हाय यात?"

"हे. आणि ही आमची वस्ती. काका, नाल्याचं तोंड बुजवलं की काय होतं बघा."

तिनं पडद्यावर नाला बुजवला. चहा येऊन संपेपर्यंत वस्तीवरचा निळा रंग गडद झाला.

"तेवढा नाला सोडा, काका. बाकी जमीन तुमचीच आहे."

काळूरामांनी चष्मा काढला. "तुझी आय आमच्याकडं भाताच्या लावणीला येयाची," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघतो मी, पोरी."

मग त्यांचा मुलगा मितेश पुढं सरकला. "भराव दोन मीटर चढवला तर गोदामात पाणी शिरेल?"

कुणीतरी मनापासून विचारतंय, या आनंदात तिनं आकडा बदलला. गोदाम कोरडं राहिलं.

"आणि दीड मीटर?"

तरीही कोरडं. मितेशनं मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. वस्तीबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही, हे तिला परतताना रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

मे महिन्यात डंपर सुरू झाले. भराव बरोबर दीड मीटर चढला, नाल्याचं तोंड बुजलं. चित्रं छापून दीक्षा तीन कचेऱ्यांत फिरली. "हे कॉम्प्युटरमधलं पाणी आहे ना?" एका साहेबांनी विचारलं. "खरं आलं की या." काळूराम भेटले ते दारातच, नजर चुकवत. "पोरगा ऐकत न्हाय," म्हणाले.

जुलैत भरतीच्या वेळेला पावसानं जोर धरला आणि तीन तासांत वस्ती कमरेएवढ्या पाण्यात गेली. पलीकडे गोदामाची शटरं कोरडी होती. दीक्षा आणि रामदास कॉटवर टेबल ठेवून त्यावर बसले होते.

"इथंच येनार, तुला ठावं होता?" रामदासांनी विचारलं.

"हो."

"मंग त्यांना दाखवलास कशाला?"



दिवाळीपर्यंत निम्मी वस्ती उठली. कुणी कशेळीला खोली घेतली, कुणी नातेवाइकांकडे गेलं. रिकामी घरं मितेशनंच घेतली. रामदास पुण्याला लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. तिच्या कामाविषयी ते कधी बोलत नाहीत. खाडीच्या गणितासाठी मिळालेली यंत्रावरची वेळ संपली. ती वाढवून मागायचा अर्ज दीक्षानं केलाच नाही. आता ती मोटारीच्या इंजिनात पेट्रोल कसं जळतं त्याची चित्रं काढते.