पट्ट्यांचा आठवडा

मी शाळेत खेळ शिकवते. म्हणजे वेळापत्रकात तसं छापलेलं आहे. प्रत्यक्षात मी गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर बसते, स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावून घेते आणि प्रार्थनेत कुणी चक्कर येऊन पडली की तिला ग्लुकोज पाजते. आठवीला खेळाचे तास आहेत, पण ते गणिताच्या सरांचे आहेत. असा काही लेखी नियम नाही. मी वर्गाशी पोहोचते तेव्हा सर आधीच फळा पुसत असतात. "मॅडम, पोर्शन मागे आहे ना," असं म्हणतात आणि मी आल्या जिन्याने खाली उतरते. त्यांचा पोर्शन मी नोकरीला लागल्यापासून मागेच आहे.

मैदान होतं आमचं. नव्या इमारतीचं काम निघालं आणि निम्म्या मैदानात गिट्टीचा ढीग पडला. उरलेल्या भागात शिक्षकांच्या गाड्या लागतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्या मुलींना नाचता येत होतं, अंगणच राहिलं नव्हतं.

त्यातली आठवीची एक मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. पाचवीत नवी आली होती तेव्हा मी तिला खो-खो खेळताना पाहिलं. खांबाला वळसा घेताना ती ऐन वेळी असं काही अंग चोरायची, की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली आहे. असे पाय दरवर्षी शाळेत येत नाहीत, हे मला कळतं. आता तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि ती पहिल्याच वळणावर कठड्याला धरून बसते. दप्तर मांडीवर, तोंड उघडं, वरच्या ओठावर घाम.

तिची आई जरीपटक्याच्या बाजारात साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउजही शिवते. मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले तेव्हा तिने मशीन थांबवलं.

"म्याडम, पोरीले डॉक्टरकडे नेलं होतं. सारं तपासलं. काही नाही म्हणते, फक्त हलत नाही म्हणते. शाळेतून ट्युशन, ट्युशनमधून मोबाइल. खेळू द्या म्हणते डॉक्टर. आता खेळवू कुठी मी तिले? घरापुढे तर गाड्याच गाड्या. तुमच्या शाळेतच खेळवा ना बाप्पा."

काय सांगणार होते मी तिला? बघते म्हणाले आणि ब्लाउजचं माप देऊन निघाले. घरी येईपर्यंत माझा मलाच राग येत होता, आणि गणिताच्या सरांचा त्याहून जास्त.

म्हणूनच संशोधन करणारी एक तरुणी शाळेत आली तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. शाळकरी मुलांची शारीरिक हालचाल आणि त्यांचं आरोग्य हा तिच्या पीएचडीचा विषय होता. रामदासपेठेतून ती स्कुटीवर आली, स्कार्फ सोडला आणि पिशवीतून पट्टे काढले. कमरेला बांधायचा पट्टा, त्यावर आगपेटीएवढी डबी. मूल किती हललं, किती बसलं, सगळं त्या डबीत उमटतं. सकाळी उठल्यावर बांधायचा आणि झोपताना काढायचा, असं सोमवारपासून आठवडाभर. आठवीचा एक वर्ग तिने निवडला, आणि तो नेमका माझ्या त्या मुलीचा निघाला.

मी मनात मांडे खाऊ लागले. आमची मुलं दिवसभर बाकावर बसून असतात हे मी ओरडून सांगितलं तर ती बाईची कुरकुर. तेच यंत्राने सांगितलं तर संस्थेच्या अध्यक्षांनाही ऐकावं लागेल. मग तास परत मागायचे, गिट्टी हलवायला लावायची. मी तिला चहा पाजला, वर्गाची ओळख करून दिली, पट्टे बांधायला मदतही केली.

पण आमच्या शाळेत बाहेरचं माणूस वही घेऊन आलं की ती तपासणीच असते. मग तो माणूस पोलिओचा असो की मतदार यादीचा. भिंतीच्या कडेला चुना पडतो, कुंड्या बाहेर येतात, मुलांना 'नमस्ते'ची तालीम मिळते. ती पट्टे वाटून गेली त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं.

"सोमवारपासून आठवीचे खेळाचे पिरेड रोज होतीन," ते म्हणाले. "गिट्टी उचलायले सांगितली आहे मी. गाड्या रस्त्यावर लावा. अन् पट्टा लागलेल्या पोराइले कोणी बसवून ठेवू नका."

मी उभी राहिले. "सर, हे इन्स्पेक्शन नाही आहे ना. संशोधन आहे. जसं आहे तसंच दिसू द्या ना त्यांना. नाही तर काय फायदा?"

"मॅडम, जसं आहे तसं घरच्याइले दाखवतात, पाहुण्याले नाही. हात दाखवून अवलक्षण कशाले?"

सगळे हसले. गणिताचे सर सगळ्यात मोठ्याने हसले. मी खाली बसले. माझे कान तापले होते.

सोमवारी मैदान पाहून मी दारातच थबकले. गिट्टी नव्हती. चुन्याच्या ताज्या रेषा होत्या आणि खो-खोचे खांब रोवलेले होते. हेच मैदान मी किती वर्षं मागत होते! मजूर मिळत नाहीत, जागा नाही, बजेट नाही, असं ऐकत होते. पाहुणी येणार म्हटल्यावर एका रविवारात सगळं मिळालं. देखल्या देवा दंडवत, दुसरं काय.

आणि त्या आठवड्यात आमच्या शिक्षकांनी जे केलं ते सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. पट्टेवाल्या मुलांना खडू आणायला पाठवायचे, मग डस्टर आणायला, मग डस्टर परत ठेवायला. इतिहासाच्या बाईंनी पानिपत उभ्याउभ्या शिकवलं आणि मुलांनी जागच्या जागी पाय हलवत ते ऐकलं. गणिताचे सर स्वतः रांग लावून वर्ग मैदानावर आणायचे आणि म्हणायचे, "घ्या मॅडम, दमवा चांगलं." जणू मी कणीक मळणार होते.

मी काय करायला हवं होतं? मुलींना सांगायचं, की हा आठवडा बसून काढा म्हणजे पुढे खेळायला मिळेल? त्या मोकळ्या मैदानाकडे बघत होत्या. असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी शिट्टी मारली.

माझी ती मुलगी पहिल्या दिवशी एका फेरीत कुशीला हात लावून खाली बसली. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. मी म्हटलं, बस आज. तर म्हणाली, "नाही म्याडम, मले खेळू द्या. पट्टा बांधलेला आहे ना." बुधवारी ती पडली, उठली. आणि शनिवारी, थंडीचं कोवळं ऊन होतं, तिने खांबाला वळसा घेतला, तेच अंग चोरलं आणि मागच्या मुलीचा हात हवेत राहिला. बाकीच्या किंचाळल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना मी मुख्याध्यापकांना मनातल्या मनात शिव्याही घालत होते, कारण हे सगळं त्या डबीत उमटत होतं.

त्या दुपारी ती तरुणी पट्टे परत न्यायला आली तेव्हा मी तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. गिट्टीचं, खडूंचं, पानिपतचं. एवढं सांगायला तिला पहिल्याच दिवशी फोन करायला निघाले होते मी. पण तेव्हा मैदान लगेच काढून घेतलं असतं, आणि मुली माझ्यासमोर खेळत होत्या.

ती पट्टे मोजायची थांबली. वाईट मुलगी नव्हती ती, तिचा चेहराच उतरला. "मॅडम, मी मुख्याध्यापकांना स्वतः विचारलं होतं, हा नेहमीसारखाच आठवडा आहे ना म्हणून. ते हो म्हणाले."

"मग परत बांध ना पट्टे. पुढच्या महिन्यात ये, न सांगता ये."

"पट्टे सोमवारी दुसऱ्या शाळेत चालले. माझ्या हातात नाही राहिलं ते." मग पट्टे पिशवीत भरत म्हणाली, "मी अभ्यासाच्या मर्यादांमध्ये लिहीन. प्रबंधाच्या शेवटी असतं ते."

"शेवटी कोण वाचतं?"

तिने पिशवीची चेन ओढली. स्कार्फ बांधला आणि गेली. सोमवारी सकाळी ट्रक आला. गिट्टी होती तिथे पडली आणि ट्रकला वळायला अडचण होते म्हणून खांब उपटले गेले. गणिताचे सर फळा पुसत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्यापीठाकडून शाळेला आभाराचं छापील पत्र आलं. आपल्या विद्यार्थ्यांची शारीरिक हालचाल समाधानकारक आढळली, असं त्यात म्हटलं होतं. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेत वाचून दाखवलं, टाळ्या वाजवून घेतल्या आणि फ्रेम करून दारात लावलं. मी खेळाच्या तासांचा विषय काढायला गेले तर त्यांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. "मॅडम, आता काय रडगाणं लावलं? पोरं फिट आहेत आपले. लिहून आलं आहे." वर्षानुवर्षं माझ्याकडे पुरावा नव्हता. आता त्यांच्याकडे आहे, आणि तो गोळा करायला पट्टे मी बांधले आहेत.

पत्र वाचलं त्याच दिवशी मी जिन्यावरून वर चालले होते. पहिल्या वळणावर ती बसलेली होती, दप्तर मांडीवर घेऊन. मला पाहून सरकली आणि जागा करून दिली.

"म्याडम, पट्टेवाल्या ताई आता कधी येतीन?"

"आता नाही यायच्या त्या."

"काहून?"

"त्यांचं काम झालं. तुम्ही सगळ्या फिट निघाल्या ना."

तिला ते फार गमतीचं वाटलं. ती हसायला लागली आणि हसताहसताच तिला धाप लागली. मग तिने कठडा धरला आणि गणिताच्या तासाला वर जायला निघाली.