सहा किलोमीटर जास्तीचं निलंगा

हसू येणार असेल तर कप आधी खाली ठेवा, मंग सांगतो. निलंगा लातूरपासून आणखी सहा किलोमीटर लांब नेऊन ठेवणारा माणूस तुमच्या समोर बसलाय.

आमची पिकप जुनी. निलंग्याहून भाजी भरायची, लातूरच्या मार्केटात टाकायची, हा आपला धंदा. पण गाडी चढाला दमायची अन् डिझेल पाण्यासारखं प्यायची. लिटरला बारा किलोमीटरच्या वर सरकायला तयार न्हाई. एक दिवस बायको, सुमन, म्हणाली, "उदगीरचं गिऱ्हाईक आलंय. देऊन टाकू."

लई जीव हो त्या गाडीवर. म्हणलं, "एक महिना दे. चौदाचं ॲव्हरेज काढून दाखवतो. न्हाई निघालं तर चावी तुझ्या हातात."

"दाखवा की. मोजायला मात्र आमचे आबा बसतील."

तिचे आबा म्हणजे माझे सासरे. मी मामा म्हणतो त्यांना. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आता सांगा, घाबरायचं का न्हाई?

एअर फिल्टर साफ केला, टायरात हवा नीट भरली, हौद्यातलं सारं भंगार काढलं. तरी चौदा काही निघंना. मंग आपलं डोकं चाललं. माणूस जड बूट घालून जोरात पळतो का चपला घालून? झालं. जुन्या बाजारातून चार बुटके, हलके टायर आणून घातले. रिमला बरोबर बसले बरं का.

अन् गाडीचं नशीबच फिरलं. चढ कसा धावत चढायची. हिशोब केला की चौदा. स्टँडवरच्या पिकपवाल्यांना मी रोज व्याख्यान द्यायलो. एकच गोष्ट नवलाची. माझ्या मीटरवर पंचेचाळीस, अन् मागनं उसाचा ट्रॅक्टर साइड मागायचा. मला वाटायचं, आजकालचे ट्रॅक्टर लई सुसाट झालेत.

महिना भरला. लातूरला टाकी फुल केली, मामा शेजारी बसले. निलंग्याला पुन्हा फुल केली. चार लिटर बसलं. मीटरवर छप्पन्न किलोमीटर.

"चौदा," मी मिशीवर हात फिरवला.

मामा मीटरकडंच बघून राहिले होते. "जावईबापू, आमची हयात गेली ह्या रस्त्यावर. लातूर-निलंगा पन्नास. वरचे सहा कुठनं आणले?"

"खड्डे चुकवत आलो ना मामा. वळणं वाढली."

"सहा किलोमीटरची?"

ते खाली उतरले. स्टेपनी मूळच्या टायरचीच होती, ती पुढच्या चाकाला टेकवून उभी केली. स्टेपनी चार बोटं उंच.

"लहान चाक जास्त गरके मारतं. मीटर गरके मोजतं, रस्ता न्हाई. चढाला जोर वाटतो तो बी त्याच्यामुळंच. पन्नासाला चारनं भागा. साडेबारा."

माझं तोंड पार उतरलं. म्हणलं, गेली गाडी. "मामा, सुमनला तेवढं सांगू नका."

घरी पोचल्यावर मामांनी चप्पल काढायच्या आधी सांगितलं. सुमन हसून हसून खाली बसली. मी गपचूप चावी तिच्यापुढं ठेवली.

"विकू नको पोरी," मामा म्हणाले. "नुसत्या साफसफाईनं अर्धा किलोमीटर वाढलाय. गाडीत खोट न्हाई. खोट जावयात हाय, अन् ते काही उदगीरवाला घेणार न्हाई."

गाडी वाचली. टायर बदलले. पण परवा सुमनला फोनवर म्हणलं, "निघालोय, दहा मिनिटांत पोचतो." तिनं शांतपणे विचारलं, "कोणत्या टायरवर?"