अधिक अभ्यासाची गरज

नियोजन कार्यालयात तिला सगळे टक्केवारीबाई म्हणत. फळवाल्यानं 'संत्री गोड आहेत' म्हटलं, तरी ही विचारणार, किती फोडून पाहिलीत? एकवीस वर्षांत तिनं एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि प्रत्येक अहवाल एकाच वाक्यानं संपवला होता: 'या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे.' सहीसारखं ते आपोआप हातातून उतरायचं.

नदीपलीकडचं बाळंतपणाचं केंद्र बंद करायचं घाटत होतं, तेव्हा तिनं घड्याळ घेऊन चार महिने तिकडचे रस्ते पालथे घातले. केंद्र मिटलं तर शहरात पोचायला सत्तर मिनिटं जास्त लागणार, आणि अडलेल्या बाईपाशी सत्तर मिनिटं नसतात. बासष्ट पानांत तिनं हे सिद्ध केलं. कार्यालयातले शिपाईमामा पलीकडचेच. त्यांची सून पोटुशी होती. गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवून येताना ते हसत म्हणाले, आता आमचा घोर मिटला, ताई.

साहेब अहवाल मागून वाचत. बैठकीत त्यांनी शेवटचं पान काढलं, चष्मा कपाळावर सारला आणि नाकातल्या नाकात म्हणाले, "बाई स्वतःच म्हणतायत, अजून अभ्यास हवा. मग करा की, सावकाश करा. तोवर केंद्र बंद करून ठेवू."

ती उभी राहिली. ती आपली लिहायची पद्धत, साहेब, आधीची एकसष्ट पानं, असं काहीसं पुटपुटली. साहेबांनी तळहात दाखवला. पुढचा विषय वाहनतळाचा होता.

नवा अभ्यास तिच्याचकडे आला, वर शाबासकी. सातव्या आठवड्यात शिपाईमामा रजेवर गेले. सून वाचली. बाळ वाटेत, पुलावरच गेलं.

कामावर परतले त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा चहा आणला, वर बशी झाकली. तिच्यासमोर नवा तक्ता होता. मामा वाकले.

"ताई, आमचं कुठल्या ओळीत?"

तिनं एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. मामांनी चष्म्याशिवाय, अक्षर अक्षर लावत ती वाचली.

"मिनिटं बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि कालचा कप उचलून गेले.

या वेळी अहवाल एका पानाचा झाला, नुसता तो तक्ता. शेवटी हात सवयीनं 'या विषयावर अधिक' एवढं लिहून गेलाच. तिनं ते खोडलं, कागद फाटेस्तोवर खोडलं. मग कोरं पान घेऊन सगळं पुन्हा उतरवलं आणि अगदी तळाशी, साहेबांची नजर पहिल्यांदा पडते तिथे, लिहिलं: 'ओळ एकोणीस वाचावी.'