दोन डबे चिंचोक्यांचे

शिकवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण शिकवायचं कसं हे शिकण्यातच ज्यांनी सगळी हयात घालवली असे आमचे भावजी एकटेच. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुलुंडच्या एका मराठी शाळेत ते भूमिती शिकवत. कॉलेजातून शिकवण्याची पदवी घेऊन बाकीचे शिक्षक मोकळे झाले, भावजी मात्र ती पदवी म्हणजे नुसतं प्रवेशपत्र आहे असं समजून पुढे अभ्यासाला लागले. समोर कोणीही कोणाला काहीही समजावून सांगत असलं की हे तिथे थांबलेच. लग्नाला गेले तर नवरा-नवरीकडे पाठ करून भटजींकडे बघत बसत, कारण यजमानाचे हात मोकळे झाल्याशिवाय भटजी पुढची सूचना देत नाहीत, हे त्यांनी हेरलं होतं. माझ्या लग्नात आहेर द्यायचा सोडून त्यांनी मला हेच सांगितलं. भर मांडवात मी काय बोलणार, हो म्हटलं.

मुलुंड स्टेशनबाहेर तेव्हा एक माणूस भाजी किसायची, सोलायची यंत्रं विकायचा. भावजी त्याचे पट्टशिष्य. ताई कोथिंबीर आणायला पाठवायची आणि हे तासाभराने एक सोलणं घेऊन घरी यायचे. ताईच्या स्वयंपाकघरात अशी सोलणी एक खण भरून होती आणि ती बटाटे मात्र माहेरच्या विळीवरच चिरायची. ती चिडली की भावजी शांतपणे म्हणायचे, "अगं, तो आधी गाजर कापतो आणि मग बोलतो. आम्ही नुसते बोलतो, गाजर आणतच नाही." एके दिवशी ते खरोखरच पिशवीभर गाजरं घेऊन वर्गात गेले. गाजर आडवं कापलं की वर्तुळ दिसतं आणि तिरकं कापलं की लांबट आकार येतो, हे त्यांनी दाखवलं. मुलांनी ते नीट पाहिलं आणि मग वर्तुळं, लांबट आकार, सगळं खाऊन टाकलं. पुढचे कित्येक दिवस भावजी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून विचारणा व्हायची, "सर, आज काय आणलंत?"

आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, ही त्यांची आणखी एक खंत. शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आले, तो यांनी मागून शाळेत नेला, अख्खा तास टेप केला आणि रविवारी जेवणाआधी आम्हा सगळ्यांना ऐकवला. त्यात शोध लागला की भावजी दर वाक्याच्या शेपटाला "म्हणजे काय" जोडतात. ही सवय मोडायची म्हणून त्यांनी ताईला सांगितलं, की जेवताना मी "म्हणजे काय" म्हटलं की पानातली एक वस्तू उचलायची. ताईने हे काम मन लावून केलं. पहिल्या दिवशी पापड गेला, मग लोणचं, मग तळलेला बांगडा. शेवटी नुसत्या भाताकडे बघत भावजी म्हणाले, "हे जरा जास्तच होतंय, म्हणजे काय," आणि भातही गेला. बांगडा मी खाल्ला.

नवा पाठ ते आधी घरी करून बघत, आणि घरात भूमितीत सर्वांत कच्चा मी, त्यामुळे तो मान माझा. मी बँकेतला कारकून, मला वर्तुळाच्या स्पर्शिकेशी काय देणंघेणं! पण रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो की सोसायटीच्या आवारात सायकल उलटी उभी असायची आणि चाकाला टेकवलेली फूटपट्टी माझ्या हातात यायची. "बघ, पट्टी चाकाला एकाच ठिकाणी टेकते ना? आता तिथे येणारी ही तार बघ. तार आणि पट्टी काटकोनात आहेत. पटलं?" मी एकदा प्रामाणिकपणे "नाही" म्हटलं. पंगतीत वाढपी आपल्याला वगळून पुढे गेल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. रागावले नाहीत, सायकल सरळ केली आणि घरात जाऊन पडले. ताई मला म्हणाली, "काय रे, हो म्हणायला काय जातं तुझं?" तेव्हापासून मी हो म्हणत आलो.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दहावीची भूमिती. शाळेत दहावीचा वर्ग मिळणं म्हणजे मास्तर म्हणून शिक्का बसणं. भावजींच्या मागून आलेले लोक दहावीला शिकवायला लागले आणि भावजी आठवी-नववीतच. हेडमास्तर दर जूनमध्ये त्यांना समजावत, "तुम्ही शिकवता छान हो, पण तुमचे प्रयोग फार. बोर्डाला गाजरं चालत नाहीत." एका वर्षी मात्र हेडमास्तरांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "यंदा नववीचा निकाल चांगला लावून दाखवा, पुढच्या वर्षी दहावी तुमची." त्या संध्याकाळी भावजींनी सोसायटीतल्या प्रत्येक घरात पेढे वाटले. निकाल लागायला अजून पूर्ण वर्ष होतं.

त्या वर्षी त्यांनी डबे काढले. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, झाकणांना भोक पाडलेलं, एकावर "समजलं" आणि दुसऱ्यावर "नाही समजलं" असं लिहिलेलं. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड होतं, त्यामुळे चिंचोक्यांना तोटा नव्हता. तास संपला की प्रत्येकाने दाराआडच्या डब्यांत आपला चिंचोका टाकायचा, कोणी काय टाकलं ते कोणी बघायचं नाही. भूमितीचा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा, आणि भावजी डबा खायचे ते मुलांबरोबर वर्गातच. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर झाकणं उघडली. "समजलं"मध्ये तळाला काहीतरी होतं, बाकी सगळे चिंचोके "नाही"मध्ये. भावजींनी ते बघितलं, जेवणाचा डबा पिशवीत परत ठेवला आणि सुट्टी संपेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

त्यानंतर चमत्कार झाला. आठवड्याभरात "नाही"चा डबा रिकामा पडायला लागला. भावजी हवेत. रविवारी आम्हाला सांगायचे, "शेवटी सूर सापडला बघ मला!" गाजरं बंद झाली, टेपरेकॉर्डर परत गेला, स्टेशनबाहेरच्या गुरूलाही ते विसरले. ज्याला शिकवता येतं त्याने आणखी काय शिकायचं? ताईसुद्धा म्हणाली, "घर कसं शांत झालंय रे!" मला वाटतं, भावजींच्या आयुष्यातले तेच सर्वांत सुखाचे महिने.

एप्रिलमध्ये नववीचे पेपर तपासले गेले आणि निम्मा वर्ग भूमितीत आपटला. हेडमास्तरांनी दहावी दुसऱ्याला देऊन टाकली. भावजींना दहावी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं कोडं त्यांना डब्यांचं पडलं होतं. निकालाच्या दिवशी त्यांनी सुनंदा नावाच्या मुलीला गाठलं. ही पहिल्या बाकावर बसणारी, वर्षभर मान डोलावणारी, आणि भूमितीत नापास. "काय गं, कळत नव्हतं तर सांगायचं ना? डबे ठेवले होते कशाला?" ती रडायलाच लागली. म्हणाली, "सर, पहिल्या दिवशी आम्ही खरं टाकलं तर तुम्ही जेवलाच नाहीत. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, सरांना उपाशी ठेवायचं नाही."

भावजी घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात गेले. ताईला त्यांनी सगळं सांगितलं, मीही तिथेच चहा पीत होतो. मला वाटलं, आता हे डबे भंगारात जाणार. भावजी ओट्याला टेकले. मग म्हणाले, "पोरं माझा चेहरा वाचतात गं. आणि चेहरा काही मला सांभाळता येत नाही. तो आता तू सांभाळ. जूनपासून डब्यात रोज मला आवडेल असं काहीतरी देत जा." आयुष्यभर त्यांच्या प्रयोगांना नाकं मुरडणारी माझी बहीण, पण या वेळी तिने डोळे पुसले आणि विचारलं, "शिरा चालेल?"

जूनमध्ये नापास होऊन नववीतच राहिलेली मुलं आणि आठवीतून आलेली मुलं असा वर्ग पुन्हा भावजींच्या पुढ्यात आला. एके दिवशी माझ्या बँकेला सुट्टी होती. शिरा व्हायला उशीर झाला म्हणून ताईने डबा माझ्या हाती पाठवला. मी दारात पोचलो तेव्हा फळ्यावर वर्तुळ होतं, त्याला टेकलेली स्पर्शिका होती आणि भावजी डब्यांची झाकणं उघडत होते. "नाही"मध्ये जेमतेम चार-दोन चिंचोके. भावजींचा चेहरा काही फुलला नाही, त्यांना आता हिशेब कळत होता. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, टेबलावर ठेवला आणि उघडला. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. केशर घातलेल्या शिऱ्याचा वास बाकांपर्यंत गेला. भावजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि ताईने त्यात काय काय घातलंय ते ओळखत बसल्यासारखे सावकाश चावत राहिले. इतकं सुखाने जेवताना मी त्यांना घरीही कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा पहिल्या बाकावरून सुनंदा उठली. तिची मूठ अजून मिटलेलीच होती. ती दाराशी आली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सगळ्यांना दिसेल असा चिंचोका "नाही"च्या डब्यात टाकला. तिच्या मागून, तसाच मुठीत चिंचोका धरून, आणखी एक मुलगा उठला, मग आणखी दोघंतिघं. भावजींनी तोंडातला घास घाईघाईने गिळला, उजवा हात तुपाने माखलेला म्हणून डाव्या हाताने खडू उचलला आणि पुन्हा वर्तुळ काढायला लागले. वर्तुळ पार वाकडं आलं. दहावी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही, आणि ताईने शिरा करायचा कधी थांबवला नाही.